विमान उतरायला लागलं की खुर्ची सरळ, पडदा वर, पर्स खाली: हे सगळं का?

प्रश्न थोडक्यात असा: आई (66) आणि वडील (71) सून आणि सव्वा वर्षाच्या नातवासोबत ओझरहून (नाशिकच्या विमानतळावरून) हैदराबादला जाणार आहेत. वडिलांचा हा दुसराच विमानप्रवास. मागच्या वेळी उतरायच्या आधी त्यांना झोपेतून उठवून खुर्ची सरळ करायला लावली, खिडकीचा पडदा वर करायला लावला, मांडीवरची पिशवी पायाशी ठेवायला लावली, आणि शौचालयात जायला निघाले तर परत बसवलं. त्यांचं म्हणणं, ‘एसटीत कंडक्टरसुद्धा एवढं टोकत नाही.’ हे नियम खरंच सुरक्षेसाठी आहेत का, आणि जाण्याआधी घरच्यांनी काय काय समजून घ्यावं?

सगळे नियम सुरक्षेचेच आहेत, आणि जवळपास सगळे एकाच हिशेबातून आले आहेत: गरज पडली तर भरलेलं विमान किती वेळात रिकामं होतं. प्रवासी विमानाला मान्यता मिळते तेव्हा पूर्ण भरलेलं विमान 90 सेकंदांत रिकामं होतं हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. तेही निम्म्याच दारांतून, अंधारात आणि वाटेत उशा-पिशव्या पडलेल्या असताना. केबिन क्रूच्या प्रशिक्षणात ‘पहिली तीन आणि शेवटची आठ मिनिटं’ घोकून घेतात, म्हणजे उड्डाणानंतरची तीन आणि जमिनीला टेकण्याआधीची आठ. अपघात झाले तर बहुतेक याच वेळात होतात. म्हणून उतरण्याआधी एअर होस्टेस रांगेरांगेतून फिरते तेव्हा ती आवराआवर करत नसते. या क्षणी दारं उघडावी लागली तर कोण कुठे अडकेल, हे ती पाहत असते.

आधी वेळेचं गणित. मोठं जेट, उदाहरणार्थ एअरबस ए320, साधारण 35,000 फुटांवरून खाली यायला लागतं ते विमानतळापासून दोनशे किलोमीटर आधी. उतार साधारण तीन अंशांचा असतो, म्हणजे एका सागरी मैलाला सुमारे 300 फूट. या सगळ्याला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. नाशिकहून जवळच्या शहरांना जाणारं विमान बरेचदा एटीआर 72 असतं: पंख्यांचं, 78 सीटचं. त्याची कमाल उंचीच 25,000 फूट. नाशिक ते हैदराबाद सरळ रेषेत साधारण 570 किलोमीटर, आणि एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जातं. त्यामुळे विमान सरळ पातळीवर असतं तो काळ जेमतेम पाऊण तासाचा. तेवढ्यात चहा-सँडविच, पैसे घेणं, कचरा गोळा करणं आणि केबिन तपासणं सगळं उरकायचं. क्रू घाईत दिसते त्याचं कारण हे.

10,000 फुटांखाली आणखी एक नियम लागू होतो, जो प्रवाशांना दिसत नाही. वैमानिक त्या उंचीखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलत नाहीत, आणि क्रूही त्यांना किरकोळ कारणासाठी हाक मारत नाही. ‘पुढचं कनेक्टिंग विमान चुकेल का, जरा विचारून सांगता?’ असे प्रश्न त्याच्या आधी विचारून घ्यावेत.

आता खुर्ची. मागे झुकवलेली पाठ सगळ्यात जास्त अडवते मागच्या माणसाला. मधल्या किंवा खिडकीच्या सीटवरच्या माणसाला बाहेर पडायला समोरची पाठ आणि स्वतःची सीट यांच्यात जी फट असते, ती मुळातच वीतभर. समोरची पाठ चार इंच मागे आली की वयस्क माणसाला उभंही राहता येत नाही. शिवाय धक्का बसताना वाकून डोकं समोरच्या पाठीला टेकवायचं असतं, ती जागाही जाते. आणि झुकलेल्या सीटवर स्वतः बसलेला माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, मग कमरेवरचा पट्टा पोटावर चढतो. सीटच्या धक्क्याच्या चाचण्या (आजच्या सीट पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट धक्क्यासाठी तपासतात) पाठ सरळ ठेवूनच घेतल्या जातात. झुकवलेल्या सीटची कुणी हमी दिलेली नसते. स्वस्त विमान कंपन्यांच्या बऱ्याच सीट आता मागे जातच नाहीत. मग वडिलांनी बटण शोधत बसू नये.

ट्रे टेबलचंही तेच. उघडा ट्रे म्हणजे तीन माणसांच्या वाटेत आडवी फळी, आणि तिची कडा बरोबर पोटाच्या उंचीवर. हाताचा दांडा खाली ठेवायला सांगतात, कारण वर केलेला दांडा मागच्या सीटवर बसलेल्याच्या वाटेत येतो.

पट्टा हा विषय जरा नीट समजून घ्यावा, कारण चूक इथेच होते. तो कमरेच्या हाडांवर, मांड्या जिथे सुरू होतात तिथे, घट्ट हवा. पट्टा आणि शरीर यांच्यामध्ये बोटं सहज फिरत असतील तर तो सैल आहे. आईंनी साडी नेसली असेल तर निऱ्यांचा गठ्ठा वर राहील असा पट्टा त्याच्या खालून घ्यावा. निऱ्यांवर बांधलेला पट्टा कापड दबलं की दोन-तीन इंच ढिला होतो. पदर, शाल किंवा घोंगडी अंगावर असेल तर पट्टा तिच्यावरून, म्हणजे झोपलेल्या माणसाचा पट्टा लावलेला आहे हे क्रूला दिसतं आणि कुणी उठवत नाही. गरोदर बाईने पोटाच्या खालून, आडवा. पट्टा पोटाला पुरत नसेल तर क्रूकडे जोडपट्टा असतो. तो मागायला लाजू नये.

सोडायची पद्धत घरीच दाखवून ठेवा. गाडीचा पट्टा लाल बटण दाबून सुटतो, विमानाचा बकलची झडप वर उचलून. धुराने भरलेल्या केबिनमध्ये लोक बकलच्या बाजूला बटण शोधत राहतात, कारण हाताला गाडीची सवय असते. वडिलांना सीटवर बसल्या बसल्या दोन-तीनदा उघड-बंद करायला लावा, डोळे मिटून.

नातू दोन वर्षांच्या आतला असेल तर तो मांडीवर बसतो आणि त्याला वेगळा छोटा पट्टा मिळतो. त्या छोट्या पट्ट्याच्या घरातून बाळाच्या आईचा पट्टा ओवायचा, मग छोटा पट्टा बाळाच्या पोटावर बांधायचा. काही जण बाळाला स्वतःच्याच पट्ट्यात घेतात. ते अजिबात करू नये: झटका बसला की मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळावर येतं आणि पट्टा बाळाला चिरडतो. कापडी झोळीत बाळ झोपलं असेल तरी उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी काढायला सांगतात. पट्ट्याची कामगिरी झोळी करू शकत नाही.

खिडकीचा पडदा वर का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. यात तीन गोष्टी आहेत. इंजिनातून किंवा पंखाखाली आग दिसली तर ती पहिल्यांदा प्रवाशाला दिसते, क्रूला नाही. कुठल्या बाजूचं दार उघडायचं हे क्रूला बाहेर पाहूनच ठरवावं लागतं. आणि बाहेरून मदतीला आलेल्या माणसाला आत काय चाललंय हे दिसावं लागतं. रात्री केबिनचे दिवे मंद करतात तेही याच वेळी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि भक्क उजेडातून एकदम काळोखात पडलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं दार सापडत नाही. दिवे मंद झाले म्हणून वाचायचा दिवा लावून बसू नका.

याला एक उलटा अपवाद आहे, आणि नाशिककरांनी तो ओळखून असावा. मे 2025 मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) पश्चिम सीमेजवळच्या संरक्षण विमानतळांवर 10,000 फुटांखाली पडदे बंद ठेवायचे आदेश दिले, आपत्कालीन दारांच्या रांगा सोडून. संरक्षण विमानतळांवर उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी फोटो-व्हिडिओला मनाई असते. ओझर हे एचएएलचं, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं विमानतळ. सुखोई-30 तिथेच जुळले आणि हवाई दलाचा दुरुस्ती तळही तिथेच. धावपट्टीवरून जाताना हँगर दिसले की हात आपोआप मोबाइलकडे जातो; तेवढा मोह आवरावा. पडदा वर की खाली, याबाबत त्या दिवशी क्रू जे सांगेल ते. दोन्ही सूचनांमागे कारण असतं, आणि सूचना दर विमानतळाला बदलते.

मांडीवरच्या पर्सचं गणित अगदी साधं आहे. केबिनमधल्या वस्तू नऊपट धक्क्याला धरून राहतील अशा बसवलेल्या असतात. दोन किलोचा लॅपटॉप त्या क्षणी अठरा किलोच्या वजनाने सुटतो, समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवरून. म्हणून लॅपटॉप बॅगेत आणि बॅग समोरच्या सीटखाली पूर्ण आत, पट्टे बाहेर लोंबकळू न देता. लोंबकळणाऱ्या पट्ट्यात पाय अडकून पडणं हा नेहमीचा प्रकार आहे. आपत्कालीन दाराच्या रांगेत मात्र पायाशीही काही चालत नाही, सगळं वरच्या कप्प्यात.

एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात. केबिन बॅगेची देशांतर्गत मर्यादा साधारण 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंटिमीटर आहे, पण त्या मापाची कडक ट्रॉली एटीआरच्या कप्प्यात आडवीसुद्धा बसत नाही. ती शिडीपाशी घेऊन खालच्या सामानात टाकतात. तसं होणार हे धरून औषधं, चष्मा, बाळाचं दूध आणि पॉवर बँक वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा. शेवटच्या मिनिटाला धावपट्टीशेजारी बॅग उघडून बसायची वेळ येऊ नये.

पॉवर बँकबद्दल थोडं सविस्तर, कारण याबाबतचे नियम गेल्या एक-दोन वर्षांत कडक झाले आहेत. सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, केबिनमध्येच न्यायची. मोजमाप वॅट-तासांत होतं: मिलिअँपिअर-तासांना 3.7 ने गुणून 1000 ने भागा. 20,000 ची पॉवर बँक म्हणजे 74 वॅट-तास, चालते. 100 पर्यंत परवानगी लागत नाही, 100 ते 160 ला कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर बंदी. छपाई पुसट झालेली, फुगलेली किंवा चुरगळलेली नेऊच नका. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर उड्डाणाआधीच एका ए321 ला वरच्या कप्प्यातून आग लागली. विमानातली सगळी 176 माणसं बाहेर पडली, विमान जळालं, आणि तपासात बोट पॉवर बँककडेच गेलं. पॉवर बँक कप्प्यात ठेवू नका असं सांगतात ते म्हणूनच. ती हाताशी, दिसेल अशी ठेवायची आणि विमानात तिच्यावर काही चार्ज करायचं नाही.

याच्याच जोडीला एक चूक, जी झोपेत असलेला कुणीही करतो. मोबाइल घसरून सीटच्या फटीत गेला, तर सीट मागे-पुढे करून किंवा हात घालून ओढाताण करून तो काढायचा नाही. सीटच्या लोखंडी यंत्रणेत फोन चिरडला की बॅटरीच्या आतले थर एकमेकांना टेकतात, ती तापत जाते आणि बॅटरीतल्या एका सेलची आग शेजारच्या सेलला लागत राहते. बसल्या जागी थांबा, बेल दाबा. क्रू आधी तुम्हाला उठवते, मग सीट न हलवता फोन काढते. समजा आग लागलीच, तर आधी अग्निशामक मारून ज्वाला विझवतात आणि मग भरपूर पाणी ओततात, कारण ज्वाला विझली तरी आतली उष्णता पुन्हा पेट घेते. बर्फ नाही, घोंगडीत गुंडाळणं नाही. उष्णता कोंडली तर काम आणखी बिघडतं.

फ्लाइट मोड. एका फोनने विमान पडत नाही, ही भीती कुणी घालत असेल तर सोडून द्या. एप्रिल 2014 पासून भारतात फ्लाइट मोडमधला फोन उड्डाणाच्या सगळ्या टप्प्यांत चालतो. पण उघड्या नेटवर्कवरचा फोन विमान खाली येताना टॉवर शोधत पूर्ण ताकदीने लहरी सोडतो. जुन्या स्पीकरजवळ फोन आला की जी टुकटुक-टुकटुक ऐकू यायची, तसाच आवाज वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकतो, आणि नेमका तेव्हा नियंत्रण कक्षाचा संदेश कानावरून जातो. ऐंशी माणसांनी ‘पोहोचलो’ म्हणायला उतरण्याआधीच फोन चालू केला, तर तो त्रास एका माणसाचा राहत नाही.

शौचालय. एटीआरमध्ये ते एकच असतं, मागच्या बाजूला. खाली येणं सुरू झाल्याची घोषणा झाली की लगेच जाऊन यायचं. उतरायला साधारण वीस मिनिटं उरली की ते बंद करतात, आणि तेव्हा रांग असली तर मागच्यांना परत पाठवतात. वडिलांना लघवीची घाई होत असेल तर सामान घेण्याच्या धामधुमीआधी, म्हणजे विमान सरळ उडत असतानाच एकदा जाऊन घ्यावं. विमानात धूम्रपान पूर्ण बंद आहे, पण शौचालयाच्या दाराला राखदाणी अजून असते. तिच्यावर कुणी हसतं, म्हणून तिचं कारण सांगतो: 11 जुलै 1973 ला पॅरिसजवळ एका विमानाच्या शौचालयात आग लागली आणि 123 माणसं गेली. नियम मोडून कुणी विडी पेटवलीच, तर ती कागदी टॉवेलच्या डब्यात न जाता विझावी एवढ्यासाठी ती राखदाणी सक्तीची आहे. ई-सिगारेटचं सोंग चालणार नाही, त्यावर 2019 पासून देशातच बंदी आहे.

कानांचा विषय आजी-आजोबा आणि नातू दोघांनाही लागू होतो. केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो. ए320 सारख्या जेटमध्ये उंचावर तो सहा-आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. खाली येताना तो वाढतो, आणि कानाच्या पडद्यामागची हवा आकसते. केबिनमधला आठ हजार फुटांचा दाब नाशिक-हैदराबादच्या दोन हजार फुटांपर्यंत वाढला, तर त्या हवेचा सुमारे पाचवा भाग कमी होतो. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर वरती असताना अर्धी पाण्याची बाटली झाकण घट्ट लावून ठेवा. उतरल्यावर ती चेपलेली असते. कानाचंही तसंच होतं, फक्त कानाला ती कमी झालेली हवा घशाकडच्या नळीतून परत आत घ्यावी लागते. वर जाताना ती नळी आपोआप उघडते, उतरताना गिळावं लागतं. गिळण्याची क्रिया झोपेत मंदावते, म्हणून खाली येणं सुरू झालं की वडिलांना जागं करा. खडीसाखर, लवंग, चघळायची गोळी, काहीही चालेल. फरक पडला नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून, हलकेच हवा नाकाकडे ढकलायची. जोर लावायचा नाही, दोन-चार मिनिटांनी पुन्हा करायचं. बाळाला उतरू लागताच दूध किंवा बाटली द्या, रडू लागल्यावर नव्हे. रडणंसुद्धा नळी उघडतंच, पण आजूबाजूचे लोक ते मानत नाहीत. खूप सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बंद नाकाने उतरल्यावर कानाचा पडदा दुखावतो.

मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यात ढगांमुळे विमान हलतं, तेव्हा पट्ट्याची खूण दिसली की उठायचं नाही, आणि खूण नसतानाही बसून असेपर्यंत पट्टा हलका तरी लावून ठेवायचा. मे 2022 मध्ये मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरत असताना अचानक हादरलं, प्रवासी आणि क्रू जखमी झाले, एका प्रवाशाचा नंतर मृत्यू झाला. 21 मे 2024 ला म्यानमारवरून जाणाऱ्या एका मोठ्या विमानाला बसलेला धक्का अर्ध्या सेकंदाच्या आसपास वरचा खाली असा उलटला. पट्टा नसलेली माणसं छताला आपटली. अशा धक्क्याचा इशारा देणारी घोषणा व्हायला तेवढा वेळच नसतो. उतरताना कधीकधी विमान पुन्हा उसळी घेऊन वर जातं. धावपट्टीवर काही अडलं किंवा वारा आला की वैमानिक असं करतात. आवाज मोठा होतो, पण प्रकार नेहमीचा आहे. पावसाळ्यात हवेच्या जाळीतून पांढरं धुकं येतं, तेही धूर नसून दमट हवेतली वाफ असते.

दारं कुठे आहेत हे एटीआरमध्ये चुकतं, कारण माणूस जिथून चढला तेच दार त्याला आठवतं. एटीआरचं प्रवेशद्वार मागे डाव्या बाजूला असतं, त्याच्या समोरच्या बाजूला दुसरं छोटं दार. पुढचे दोन आपत्कालीन दरवाजे पहिल्या रांगेशी, दोन्हीकडे. बसल्या बसल्या आपल्या सीटपासून पुढच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापर्यंत रांगा मोजा. धुरात हाताने सीट चाचपत जावं लागलं, तर ‘पाच पुढे, अकरा मागे’ असा आकडाच उपयोगी पडतो. एटीआरला घसरगुंडी नसते, दार जमिनीपासून माणसाच्या उंचीपेक्षा कमी असतं, उडी मारायची. ए320 च्या दारांना घसरगुंडी असते. तिथे उंच टाचांच्या चपला काढून, पदर कमरेला खोचून जायचं.

आपत्कालीन दाराच्या रांगेत जास्त पाय पसरायला मिळतात, म्हणून लोक जादा पैसे देऊन ती सीट घेतात. आई-वडिलांना ती देऊ नका. तिथे बसलेल्याने क्रू बाहेर पडायला सांगेल तेव्हा दार उचलून बाजूला टाकायचं असतं, आणि ए320 च्या पंखावरच्या झडपेचं वजन पंधरा किलोच्या आसपास असतं. नियमाने तिथे वयस्क, गरोदर, बाळ असलेले आणि मदत लागणारे बसू शकत नाहीत. आणि उगाच हँडलला हात लावायचा नाही. डिसेंबर 2022 मध्ये चेन्नई विमानतळावर उभ्या असलेल्या एटीआरचं पुढचं आपत्कालीन दार प्रवाशाच्या हातून उघडलं, आणि दाब धरतो की नाही याची पुन्हा तपासणी होईपर्यंत विमान थांबलं.

बाहेर पडायची वेळ आलीच तर सामान सोडायचं. हे लिहायला सोपं आहे, पण पासपोर्ट-दागिने असलेली पिशवी हातातून सुटत नाही, हे ऑगस्ट 2016 मध्ये तिरुअनंतपुरमहून दुबईला आलेल्या विमानात जगाने पाहिलं: धूर भरत असताना लोक वरचे कप्पे उघडत होते. विमानातले सगळे 300 वाचले, पण आग विझवायला आलेला एक अग्निशमन जवान गेला. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडावर जळत्या विमानातून सगळे 379 जण बाहेर पडले, आणि सामान मागे ठेवणं हे त्यामागचं एक कारण होतं. आईंना सांगून ठेवा, दागिने अंगावर, औषधं आणि कागद कमरेच्या पाकिटात. मग पिशवीकडे हात जात नाही.

नाशिकहून निघताना सामानात नेमकं काय अडकतं, हेही सांगून ठेवतो. त्र्यंबकहून घेतलेला अख्खा नारळ केबिनमध्ये नेहमी चालत नाही, सुकं खोबरं तर चेक-इनमध्येही नाही, ते ज्वालाग्राही धरतात. कापूर, काडेपेटी, लायटर कुठेच नाही. पितळी त्रिशूळ टोकदार म्हणून केबिनमध्ये नको, चेक-इनमध्ये द्या. नाशिकची वाइन चेक-इनमध्ये, दुकानातल्या बंद बाटलीत. 24 टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोलच्या पेयांना धोकादायक वस्तूंची मर्यादा नाही, 24 ते 70 टक्क्यांसाठी माणशी 5 लिटर. विमानात स्वतःची बाटली उघडून पिणं मात्र गुन्ह्यात मोडतं. द्राक्षांची पेटी आणि चिवडा वजनात बसत असेल तर काही अडचण नाही.

क्रूचं न ऐकण्याबद्दल एवढंच: विमानात शेवटचा शब्द कमांडर वैमानिकाचा. डीजीसीएच्या 2017 च्या नियमांत गैरवर्तनाचे तीन स्तर केले आहेत: शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं काही केलं तर दोन वर्षं किंवा जास्त उड्डाणबंदी. पट्टा लावायला नकार देऊन वाद घालणारा पहिल्या स्तरात सहज जातो.

चाकं टेकल्यावर लोक टाळ्या वाजवून उठतात आणि कप्पा उघडतात. टेकताना एटीआरचा वेग ताशी दोनशेच्या घरात, ए320 चा अडीचशेच्या, आणि टॅक्सी करतानाही अचानक ब्रेक लागतो. उभा माणूस सीटच्या दांड्यावर आपटतो, कप्प्यातली बॅग खालच्याच्या डोक्यावर. पट्ट्याचा दिवा विझून टिंग वाजेपर्यंत बसायचं.

एटीआरमध्ये उतरल्यावर आणखी एक गोष्ट. ते विमान जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन कधीकधी चालूच असतं, वीज आणि हवा मिळावी म्हणून. पंखा ब्रेकने धरलेला असतो, म्हणून थांबलेला दिसतो. पंख्याच्या बाजूने शॉर्टकट मारायचा नाही, क्रू दाखवेल त्या रेषेतूनच चालायचं, आणि नातवाचा हात सोडायचा नाही. वडिलांना व्हीलचेअर सांगितली असेल तर उतरायला घाई करू नका. चेअर असलेल्यांना शेवटी उतरवतात, तोपर्यंत सगळे बसून राहा. शिडीच्या पायऱ्या उंच असतात, म्हणून चेअर विमानाच्या दारापर्यंत आणायची की शिडीपाशी, हे क्रूला खाली येणं सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.